वायरिंगवाल्यांचे नागपूर

23 सप्टेंबर 2023 ला पहाटे नागपूरवर चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदी काठ सोडून वस्तीत घुसली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, सीताबर्डी. शहराचा हा पट्टा बराचसा सुखवस्तू, एक गाडी फाटकापुढे आणि दुसरी पार्किंगमध्ये ठेवणारा. मोरभवन बसस्थानकात एसटीच्या बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, आणि सखल पार्किंगमधल्या मोटारींत सीटपर्यंत गाळ चढला.

विम्याच्या नियमांत अशा वेळी एक रेघ असते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या ठरलेल्या विमा किमतीच्या 75 टक्क्यांपुढे गेला, तर गाडी पूर्ण गेली असे धरायचे. ज्यांची गाडी या रेघेच्या अलीकडे राहिली, त्यांचे हाल पुढे सुरू होतात. इंजिनात पाणी शिरले तर ते लगेच कळते. पण डॅशबोर्डखाली, चालकाच्या पायाशी किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे बसवलेल्या एका चपट्या डब्यात पाणी शिरले, तर गाडी धुऊन-वाळवून घरी आणली तरी पत्ता लागत नाही. आतल्या पिनांवर हिरवट थर चढायला काही आठवडे जातात. मग आभाळ स्वच्छ असताना वायपर फिरू लागतो, मध्यरात्री दारांची कुलुपे आपोआप खटखटतात, सकाळी बॅटरी उतरलेली असते. गॅरेजमधले निदान तीन शब्दांचे असते: ‘‘भाऊ, बीसीएम गेला.’’

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. इंजिन, गिअर आणि ब्रेक सोडले तर गाडीत जे जे उजळते, वाजते, सरकते आणि कुलूपबंद होते, त्यातल्या बहुतेकांचा कारभार त्याच्याकडे असतो. महागड्या एसयूव्हीत तो बदलणे हे नाजूक काम आहे आणि वादाचेही, कारण डबा विकत आणून बसवला म्हणजे काम संपले, असे होत नाही. त्या डब्याला ‘ही गाडी तुझी’ असे कोणीतरी सांगावे लागते, आणि सांगण्याचा अधिकार कोणाचा, हाच आज खरा प्रश्न आहे. वायरिंगवाल्यांच्या आजोबांना हा प्रश्न पडला नसता.

आजोबांच्याही आधीच्या मोटारींत विजेला फारसे काम नव्हते. दिवे कार्बाइडवर पाणी ठिबकून निघणाऱ्या वायूवर जळत आणि इंजिन पुढून हँडल मारून सुरू करावे लागे. 1901 मध्ये मोटार घेणारे जमशेटजी टाटा हे मोटार बाळगणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक मानले जातात. त्यांच्या उद्योगाचा पाया नागपुरातच, 1 जानेवारी 1877 ला सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये पडला होता. चार्ल्स केटरिंगने घडवलेला विजेवरचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि चित्र पालटले. सेल्फ आला म्हणून मोठी बॅटरी आली, बॅटरी भरायला डायनामो, डायनामोला आवरायला कटआऊट. या साऱ्याची देखभाल करणारा माणूस मेकॅनिकहून वेगळा निघाला: वायरिंगवाला.

नागपूरला अशा माणसांची गरज बऱ्याच आधीपासून होती. 1956 पर्यंत हे राजधानीचे शहर, म्हणजे सरकारी मोटारी आल्या. शेजारी 1821 पासूनची कामठीची लष्करी छावणी. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या जीपगाड्या बाजारात आल्या, त्या सहा व्होल्टच्या. त्यांना बारा व्होल्टचा बल्ब लावला तर तो नुसता लालसर मिणमिणतो, हे पाहून पाहून शिकण्याचे दिवस होते. विदर्भात सरकारी बस चालवणारी प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस राज्य पुनर्रचनेनंतर मुंबई राज्याच्या एसटीत विलीन झाली. पुढे एसटी महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक नागपूरजवळ हिंगण्याला उभी राहिली. बाकीच्या दोन दापोडी आणि चिकलठाण्याच्या. बसची बॉडी बांधायची म्हणजे पत्रा ठोकण्याइतकेच वायरिंग ओढण्याचेही काम. आयटीआयमधून निघालेला उमेदवार कार्यशाळेत किंवा आगारात शिकाऊ म्हणून राबला, की पुढे स्वतःचे दुकान टाकण्याची वाट त्याला मोकळी असे.

शिवाय नागपूर चौरस्त्यावर बसलेले. मुंबई–कोलकाता आणि उत्तर–दक्षिण हे दोन्ही महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. वाडी आणि कापशीच्या बाजूला ट्रकांचे तळ पडले, तर सुट्या भागांची दुकाने घाट रोडसारख्या रस्त्यांवर वाढली. फाळणीनंतर आलेल्या सिंधी-पंजाबी कुटुंबांनी वाहतूक आणि स्पेअर पार्टच्या धंद्यात बस्तान बसवले. हेडलाइट बंद पडलेला ट्रक रात्री पुढे जाऊ शकत नाही, आणि त्याच्या मालकाला माल वेळेवर पोचवायचा असतो. वायरिंगवाल्याचे पोट या घाईवर चाले.

मेकॅनिकचे हात ग्रीसने काळे, वायरिंगवाल्याची पँट ॲसिडने भोके पडलेली. दुकान म्हणजे एक लाकडी फळी, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, आर्मेचर गुंडाळायची तांब्याची तार आणि खिळ्याला लटकवलेले कार्बनचे जोड. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर सहज जातो. बॅटरीतले पाणी उडते, प्लेटा उघड्या पडतात. उन्हाळा हा या धंद्याचा सुगीचा हंगाम. त्यांचे मुख्य हत्यार होते टेस्ट लॅम्प: बारा व्होल्टचा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्याला टोचणी. चिमटा चेसीला लावायचा आणि टोचणी वायरीत खुपसत पुढे सरकायचे. जिथे बल्ब पेटायचा थांबला, तिथे दोष. आणि दोष कुठेच सापडला नाही, तर तो अर्थमध्ये असणार, हे उस्तादाचे पहिले सूत्र. आजच्या पन्नास लाखांच्या गाडीतही ते तितकेच खरे आहे.

या मंडळींकडे पुस्तक नव्हते, पण भाषा होती. अँबॅसॅडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या वायरी लुकास कंपनीच्या रंगपद्धतीने धावत. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीचा करंट, पांढरी इग्निशनची, निळी हेडलाइटची, लाल बारीक दिव्यांची, हिरवी फ्यूजमधून आलेली, काळी अर्थची. एवढे पाठ असले की बॉनेट उघडल्याबरोबर गाडी वाचता येई. फ्यूज बोटांवर मोजण्याइतके. हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जाई, त्यामुळे स्विच तापून जळे, आणि मधे एक रिले टाकून तो वाचवणे हे वायरिंगवाल्याचे नेहमीचे, हमखास पैसे देणारे काम होते. प्रीमियरची पद्मिनी असो की महिंद्राची जीप, सर्किट समजले की गाडी समजली. कोणाची परवानगी लागत नसे.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि अनेकांनी हा धंदा संपल्याचे भाकीत केले असेल. झाले उलटेच. मारुतीच्या स्वस्त गाड्यांत जे नव्हते, ते सगळे बाहेरून बसवता येत होते. 1994 मध्ये टाटा सुमो आली, 1998 मध्ये सफारी; विदर्भातल्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांच्या जोडीने सुमो गावोगाव पोचली. नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे वायरिंगवाल्यांची भरभराट होती: सेंट्रल लॉक, पॉवर विंडो, फॉग लॅम्प, दुहेरी हॉर्न, डिक्कीत स्पीकर, हात लावला की कोकलणारा अलार्म. नाशिकची ऑटोकॉप कंपनी या अलार्मांमुळेच देशभर घरोघरी ठाऊक झाली. मूळ वायर सोलायची, नवी गुंडाळायची, वर काळी टेप. पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डखाली हात घातला तर कंपनीच्या वायरी कमी आणि उस्तादाच्या जास्त लागत.

याच वर्षांत, हजारो किलोमीटर दूर, या सोलण्या-गुंडाळण्याचा शेवट लिहिला जात होता. गाड्यांतली विजेची उपकरणे वाढत होती आणि प्रत्येकाला स्वतंत्र वायर दिली तर वायरींचा जुडगा दाराच्या बिजागरीतून जाईना. जर्मनीच्या बॉश कंपनीत 1983 मध्ये यावर काम सुरू झाले आणि फेब्रुवारी 1986 मध्ये डेट्रॉइटच्या एका अधिवेशनात ‘कॅन’ नावाची पद्धत मांडली गेली. कल्पना दवंडीसारखी: संदेश सगळ्यांच्या कानावर पडतो, ज्याचा त्याने घ्यायचा. पीळ घातलेल्या दोन बारीक वायरींवर गाडीतले सगळे संगणक बोलतात. 1991 च्या मर्सिडीज एस-क्लासपासून ही पद्धत मोटारींत रुजली आणि दिवे-काचा-कुलुपांचा कारभार एका डब्याकडे द्यायचा रस्ता खुला झाला.

बदल किती मूलभूत होता, हे एका स्विचवरून कळते. नव्या गाडीत हेडलाइटचा स्विच दिवा लावत नाही. ‘मला दाबले’ एवढेच कळवतो. दिव्याला करंट देतो बीसीएम, आणि देताना तो मोजतोही. जास्त वॅटचा बल्ब टाकला तर तो शॉर्टसर्किट समजून लाइन बंद करू शकतो. एलईडी टाकला तर करंट फार कमी जातो, म्हणून बल्ब उडाला अशी तक्रार काचेवर झळकते. फॉग लॅम्पसाठी कोणी जुन्या सवयीने वायर सोलून जोड मारला, तर आठवड्याभराने भलत्याच गोष्टी बंद पडतात. उस्तादाच्या काळ्या टेपेवर बीसीएमचा विश्वास नाही.

पूर, उंदीर, चुकीच्या टोकांना लावलेली जंप केबल, बॅटरी न काढता केलेले वेल्डिंग, सनरूफचे पाणी वाहून नेणारी तुंबलेली नळी: बीसीएम मरण्याची कारणे बहुधा यांतली असतात. मर्सिडीज एमएलसारख्या गाड्यांत पायाखालच्या गालिच्यात मुरलेले पाणी मॉड्यूलपर्यंत पोचल्याची उदाहरणे जगभरच्या गॅरेजांत ओळखीची आहेत. पण चांगला कारागीर आधी डब्यावर संशय घेत नाही. बॅटरीचा व्होल्टेज बघतो. अर्थचे बोल्ट उघडून घासतो. मग बॅटरी काढून कॅनच्या दोन वायरींमधला रोध मोजतो. तो साठ ओहमच्या आसपास यायला हवा, कारण लाइनच्या दोन्ही टोकांना एकशेवीस ओहमचे रोधक असतात. एकशेवीस दिसले तर कुठेतरी वायर तुटली आहे, डबा निर्दोष असू शकतो. या पाच मिनिटांच्या मोजणीने अनेकांचे लाखभर रुपये वाचले असते. घाईच्या गॅरेजमध्ये मात्र स्कॅनर लावला, यादीत बीसीएमचे नाव आले, की ‘बदलून टाका’ हा सल्ला तयार असतो.

बदलायचाच ठरला तर काम हाताचे थोडे आणि पडद्यावरचे फार. आधी गाडीला स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर जोडायचा, कारण प्रोग्रामिंग चालू असताना बॅटरी दमली तर दुसरेही मॉड्यूल जायचे. जुन्या डब्यात जीव असेल तर त्यातली मांडणी वाचून घ्यायची: या गाडीला सनरूफ आहे का, मागचा दरवाजा विजेवर उघडतो का, स्टिअरिंग उजवीकडे आहे ना. दारे बंद करून गाडी झोपेपर्यंत थांबायचे. महागड्या गाड्यांना सगळे संगणक निजवायला अर्धा तासही लागतो. मग पाच-सहा कपलर काढायचे, नवा डबा बसवायचा. पॅनेल उघडणे धरून हे तासा-दोन तासांचे.

आता नव्या डब्यात गाडीचा चेसी नंबर लिहायचा, मांडणी भरायची, इंजिनाच्या संगणकाशी आणि चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरशी त्याची ओळख पटवायची. घरातल्या सगळ्या किल्ल्या समोर हव्यात. राहिलेली किल्ली गाडीच्या लेखी परकी. शेवटी चारही काचा आणि सनरूफ एकदा पूर्ण उघडून बंद करून त्यांना त्यांची हद्द शिकवायची. अनेक कंपन्यांच्या गाड्यांत ही ओळख कंपनीच्या सर्व्हरच्या होकाराशिवाय पटतच नाही, आणि तो सर्व्हर अधिकृत सेवाकेंद्राच्या लॉगिनशिवाय बोलत नाही. भंगारातून आणलेला डबा त्याच मॉडेलचा, धडधाकट असला तरी त्याच्यावर पहिल्या गाडीचा नंबर कोरलेला असतो. चोरांना अडवण्यासाठी हे हवेच, असे कंपन्या म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण त्याच कुलपाने घाट रोडवरचा कारागीरही बाहेर राहतो. वायरींवरचे हातकाम आटत गेले आणि परवानग्या वाढत गेल्या, असा गेल्या तीस वर्षांचा हिशेब आहे.

हा हिशेब भारतात एकदा न्यायासनापुढेही आला. 2011 मध्ये दाखल झालेल्या तक्रारीची चौकशी करून भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 ला 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि दोष शोधायची उपकरणे मिळू न देणे, हा आरोपाचा गाभा होता. यादीत परदेशी आलिशान ब्रँड होते, तसे टाटा, महिंद्रा आणि मारुतीही. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षे लांबले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी 2012 मध्येच गाडी दुरुस्त करण्याचा हक्क मतपेटीतून मागून घेतला होता. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये यासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारीही घेतल्या. आयोगाच्या आदेशाचा अर्थ सरळ होता. वाडीतल्या गॅरेजात त्याचा परिणाम शोधायला मात्र भिंग लागते.

टाटांचे नाव या कथेत पुन्हा पुन्हा येते, हा योगायोग मजेशीर आहे. एम्प्रेस मिलच्या घराण्याने जून 2008 मध्ये फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली. रेंज रोव्हर 1970 मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या आतला भाग पाण्याने धुऊन काढता येईल असा प्लॅस्टिकचा होता. आज तिच्या गालिच्याखाली पाणी गेले तर घरात वाद होतो. 2024 मध्ये कंपनीने रेंज रोव्हर पुण्यात जुळवण्याची घोषणा केली आणि किमती उतरल्या. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला होताच. अशा गाड्या पळवायला रस्ता मिळाला. त्या बिघडल्यावर हात घालणारे मात्र मोजके.

त्या मोजक्यांतले काही लोक गॅरेजमधून आलेले नाहीत. सीताबर्डीच्या मोदी गल्ल्यांत वर्षानुवर्षे मोबाइल दुरुस्तीचा बाजार भरतो. सूक्ष्मदर्शक, गरम हवेची बंदूक, केसाएवढे सोल्डर आणि चिपमधली माहिती वाचून परत लिहिण्याची सवय. नेमके हेच कसब बीसीएमला लागते. बीएमडब्ल्यूच्या 2006 नंतरच्या एक्स5 चे उदाहरण घ्या. तिच्यात दिवे आणि काचा सांभाळणारे पायाजवळचे मॉड्यूल बॅटरी बदलताना किंवा ती कमजोर पडताना अचानक निकामी होते. दिवे जातात, काचा अडकतात. आत जळालेले बहुधा काहीच नसते. चिपच्या स्मृतीतला एक भाग विस्कटलेला असतो. डबा टेबलावर उघडून ती माहिती काढायची, नीट करून परत लिहायची, आणि तोच डबा गाडीत लावायचा. नंबर तोच, म्हणून सर्व्हरला विचारायचे कारण नाही. एकच सर्किट पुन्हा पुन्हा शॉर्ट झाले तर हेच मॉड्यूल ती लाइन कायमची बंद करते. मूळ शॉर्ट काढल्यावर तो आकडा पुसून लाइन जिवंत करता येते. कंपनीच्या पुस्तकात अशा ठिकाणी नवे मॉड्यूल बसवा एवढेच लिहिलेले असते.

2021 मध्ये या कसबाला अचानक भाव आला. चिपचा जागतिक तुटवडा होता, त्यात 19 मार्चला जपानच्या रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. नव्या गाड्यांच्याच ताब्याला महिने लागत होते, तिथे सुटे मॉड्यूल कुठून येणार? जुना डबा उघडून पाहण्याखेरीज इलाज नव्हता, आणि ज्यांनी तेव्हा हात बसवला ते आता मागे वळायला तयार नाहीत.

दरम्यान डब्याचेच दिवस भरत आले आहेत. टेस्लाने 2017 च्या मॉडेल 3 मध्ये एका बीसीएमऐवजी पुढे, डावीकडे आणि उजवीकडे असे तीन नियंत्रक ठेवले आणि नेहमीचे फ्यूज जवळजवळ काढून टाकले. त्यांचे काम इलेक्ट्रॉनिक स्विच करतात. इतर कंपन्या त्याच दिशेने निघाल्या आहेत. 2023 च्या सायबरट्रकने बारा व्होल्ट सोडून 48 धरले, म्हणजे तोच दिवा आता चौथाई करंटमध्ये आणि बारीक वायरीत भागतो. आयटीआयच्या अभ्यासक्रमात विद्युत वाहनांच्या मेकॅनिकचा ट्रेड आला आहे. महिंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये दाखवलेल्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या चाकणला बनणाऱ्या विद्युत एसयूव्ही विदर्भाच्या रस्त्यांवर धावत आहेत, आणि अजून वॉरंटीत असल्यामुळे त्यांच्या डॅशबोर्डखाली कोणा बाहेरच्याला सहसा हात घालावा लागत नाही.